तळटाकीतला कॅमेरा

शार्कवाल्यांनी इमारतीच्या तळटाकीत कॅमेरा सोडला तेव्हा संध्याकाळ कलली होती आणि अंगणात चिटपाखरू नव्हतं. आपण काही चुकीचं करतो आहोत असं त्यांना तिळमात्र वाटलं नाही. दोर आतल्या शिडीच्या पायरीला बांधला, झाकण अलगद लावलं आणि मूल निजवून बाहेर यावं तसे पाय न वाजवता ते घरी आले.

इमारतीत त्यांना 'शार्कवाले' म्हणत. त्यात कौतुक थोडं आणि चेष्टा जास्त. ते समुद्र संशोधन केंद्रात कामाला होते. काम असं : लोखंडी चौकटीवर कॅमेरा बसवायचा. चौकटीपुढे एक लांब दांडी काढायची, दांडीच्या टोकाला जाळीच्या पिशवीत ठेचलेले तारली मासे बांधायचे आणि सगळा संसार दोराने प्रवाळाच्या खडकांवर सोडून द्यायचा. वास सुटला की लहान मासे येतात, लहानांमागून थोर येतात, थोरांमागून कधीतरी शार्क येतो. ना गळ, ना जाळं, ना कुणाच्या अंगाला ओरखडा. मग केंद्रात बसून कोण कोण येऊन गेलं ते पडद्यावर मोजायचं.

"म्हणजे समुद्रात दुकान मांडायचं, विकायचं काही नाही, नुसती गिऱ्हाइकं मोजायची," असं तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी एकदा म्हणाल्या होत्या. शार्कवाल्यांना स्वतःलाही ते इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

पण या खेपेची मोजणी सोपी नव्हती. गेल्या हंगामात दक्षिणेकडच्या प्रवाळावर कॅमेऱ्याच्या पेटीत पाणी शिरलं आणि सगळ्या चित्रणाचं मातेरं झालं. शार्क आला असेल नसेल, दाखवायला काही उरलं नाही. आता याही हंगामात काही दिसलं नाही, तर त्या प्रवाळावरची मासेमारीबंदी उठणार होती आणि तळ खरवडणारी जाळी घेऊन बोटी आत शिरणार होत्या. बोट मिळत होती ती एकाच दिवशी, परवा सकाळी. पेटी नवी कोरी आणली होती. केंद्रातला चाचणीचा हौद मात्र नेमका तडकून कोरडा पडला होता.

"कुठल्याही खोल पाण्यात ठेवून बघा," केंद्राच्या प्रमुख बाई म्हणाल्या होत्या. "दिवाही चालू ठेवा, कॅमेराही. आत एक थेंब दिसला तर मला सांगा. पुन्हा तसं झालं तर तो प्रवाळ गेला म्हणून समजा."

खोल पाणी म्हटल्यावर शार्कवाल्यांना आपल्या इमारतीची तळटाकी आठवली. चांगली पुरुषभर खोल होती. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी, ही वापरायच्या पाण्याची. बेत झकास होता. घात केला तो हातांनी. चौकट पाण्यात सोडायची तर पिशवी भरलेली हवी, हे त्या हातांना इतक्या वर्षांत मुरलेलं. घराबाहेर पडताना कुलूप लावलं की आपण ते ओढून बघतो, तेव्हा डोक्याला कुणी विचारत नाही. तशाच त्या हातांनी परवाच्या बोटीसाठी आणलेल्या डब्यातल्या तारल्या जाळीच्या पिशवीत ठासून भरल्या. डोकं तेव्हा पेटीच्या रबरी कडेचा विचार करत होतं.

सकाळी न्हाणीघरातून बायकोचा आवाज आला.

"अहो, आज पाण्याला तुमचा वास येतोय."

"माझा?"

"तुम्ही बोटीवरून येता ना, तसा."

शार्कवाल्यांच्या तोंडातला ब्रश जागच्या जागी थांबला. काल संध्याकाळचे आपले हात त्यांना आत्ता दिसले.

तोवर इमारत जागी झाली होती. पहाटे मोटर लागली होती आणि तळटाकीतलं पाणी वर चढून नळानळात उतरलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी हात स्वच्छ धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, आणि पहिल्याच पेशंटच्या तोंडात बोटं घातली. पेशंट खुर्चीतून ताडकन उठला. "डॉक्टर, तुम्ही जेवताजेवता आलात का?" असं विचारून तो निघून गेला. मावशींनी केस धुतले होते. त्या गच्चीवर केस वाळवायला बसल्या, डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा त्यांच्याभोवती मांजरांचा दरबार भरला होता. काळी, पांढरी, कान तुटलेली, सगळी त्यांच्याकडे भक्तिभावाने बघत होती.

"जन्मात कुणी माझ्याकडे असं बघितलं नाही हो," मावशी जिन्यात सांगत होत्या. "आणि बघितलं तेही मांजरांनी."

"बोला ना खाली जाऊन," शार्कवाल्यांची बायको दाराआडून कुजबुजली. "सांगून टाका."

"सांगतो. आधी गुपचूप काढून घेतो, मग सांगतो."

"काढल्यावर कशाला सांगाल?"

"तेच तर."

पण गुपचूप काढायची सोय राहिली नव्हती. ते खाली पोचले तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी टाकीपाशी हजर होते. सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर. साधं 'पाऊस येईल' म्हणाले तरी ऐकणारा सरळ उभा राहायचा. त्यांनी प्लंबरला बोलावलं होतं. प्लंबरने नळाखाली ओंजळ धरली, हुंगली आणि मान हलवली.

"उंदीर नाही. उंदराचा वास गोडसर येतो. हे वेगळं आहे. टाकी उपसून बघावी लागेल."

"उपसायची काही गरज नाही," सेक्रेटरी घाईने म्हणाले. "वरून औषध टाका."

"औषध कशावर टाकू? आत काय आहे ते तर बघू."

"आत पाणी आहे. पाणी खात्याला नमुना पाठवू. त्यांचं उत्तर येईपर्यंत झाकणाला कोणी हात लावायचा नाही."

असं म्हणून त्यांनी आपली वेताची खुर्ची मागवली, नेमकी झाकणावर ठेवली आणि वर्तमानपत्र उघडून बसले. शार्कवाले बघत राहिले. खुर्चीखाली झाकण, झाकणाखाली अंधार, अंधारात कॅमेरा, आणि परवाची सकाळ आता उद्याची सकाळ झाली होती.

"सर," ते जवळ जाऊन म्हणाले, "तुम्ही उन्हात कशाला बसता? मी बसतो राखणीला."

सेक्रेटरींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "बरे भेटलात. तुम्हाला पाण्याखालचं कळतं. एक चौकशी समिती नेमतोय. तुम्ही अध्यक्ष."

"मी?"

"हा वास कुणामुळे आला ते शोधून काढा. दयामाया नको."

झालं. ज्याला लपायचं होतं त्याच्याच हातात कंदील आला. दुपारभर शार्कवाले घरोघर जाऊन दारं ठोठावत होते. "तुमच्या पाण्याला वास येतो का?" येतो. "कसला?" लोक त्यांना हुंगून सांगत, "असाच." डॉक्टरांनी खालच्या वाण्यावर संशय धरला, वाण्याने डॉक्टरांच्या औषधांवर. मावशींना संशय कुणाचाच नव्हता, त्यांना फक्त गुन्हेगार हवा होता. "सापडला की माझ्याकडे द्या. त्याचे केस मी धुते, त्याच पाण्यात."

तिसरा प्रहर उलटला तरी सेक्रेटरी खुर्चीवरून हलले नाहीत. जेवणाचा डबासुद्धा तिथेच आला. शार्कवाले जिन्याच्या खिडकीत उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे तो दक्षिणेकडचा प्रवाळ आला. एकदाच, पुष्कळ मागे, ते स्वतः तिथे पाण्याखाली उतरले होते. दगडाला फुलं यावीत आणि फुलांना पंख फुटावेत असं ते गाव. निळ्या उजेडात पिवळे, जांभळे, पोपटी थवे एकदम वळत होते, जणू कुणी एकच मोठी ओढणी झटकत होतं. त्या गावाचा साक्षीदार आज हेडमास्तरांच्या खुर्चीखाली अडकला होता.

ते खाली उतरले. अंगणात सगळे जमले होतेच.

"समितीचा अहवाल तयार आहे," ते म्हणाले. "गुन्हेगार मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं, पेटी, गळती, हौद, तारल्या, हात. सांगून झाल्यावर मान खाली घालून ते उभे राहिले. मावशींनी पदर खोचला. पण त्यांच्या आधी सेक्रेटरी बोलले आणि त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ होता.

"चूक माणसाकडूनच होते. कबूल केलंत यातच सगळं आलं. विषय संपला. सगळ्यांनी घरी जावं."

शार्कवाल्यांना विश्वास बसेना. "सर, माझा कॅमेरा?"

"राहू दे आत."

"राहू दे कसा? उद्या सकाळी बोट आहे."

"दुसरा घ्या. आम्ही वर्गणी काढू."

आता मात्र मावशींचे डोळे बारीक झाले. ज्या माणसाने जिन्यात सायकल ठेवली म्हणून महिनाभर अबोला धरला, तो आज वर्गणी काढायला निघाला होता. "हेडमास्तर," त्या म्हणाल्या, "उठा बघू खुर्चीवरून."

"मावशी, माझी पाठ धरलीय."

"मी सोडवते. उठा."

हेडमास्तर उठले. झाकण निघालं. शार्कवाल्यांनी दोर ओढायला घेतला तसं सगळं अंगण कडेला आलं. आधी काळं पाणी हललं, मग आतून हिरवट उजेड वर चढू लागला आणि पाणी निथळत ती चौकट बाहेर आली. लोखंडाचे पाय, पुढे दांडी, दांडीला फाटकी पिशवी, मध्ये काचेचा एक डोळा, आणि दिवा अजून जळत होता. डॉक्टर एक पाऊल मागे सरकले. शार्कवाल्यांनी गुडघ्यावर बसून काचेतून पाहिलं. पेटी आतून खडखडीत कोरडी होती. एक थेंब नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

तो पडतो न पडतो तोच डॉक्टरांनी विचारलं, "हा चालू आहे? म्हणजे काल संध्याकाळपासून आमच्या पाण्यात चालू कॅमेरा होता?"

"कार्ड भरेपर्यंत चालतो."

"आणि त्या पाण्याने आम्ही अंघोळ केली?"

पाण्यातून पाइपात, पाइपातून नळात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, हे शार्कवाल्यांनी तीन तऱ्हांनी समजावलं. पटलं कुणालाच नाही. वाणी म्हणाला, "नाही दिसत तर दाखवा काय दिसतं ते. दाखवल्याशिवाय कॅमेरा जागचा हलायचा नाही." चौकट सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवली गेली. सेक्रेटरी एकटेच म्हणत होते, "पाण्यात पाणीच दिसणार, त्यात काय बघायचं?" पण त्यांचं म्हणणं आज कोणी मनावर घेत नव्हतं.

दिवे लागायच्या सुमाराला सगळे सेक्रेटरींच्या टीव्हीसमोर बसले. खुर्च्या संपल्या तसे लोक जमिनीवर बसले, दारात उभे राहिले. शार्कवाल्यांनी चित्र सुरू केलं.

हिरवा उजेड. उजेडात धुळीचे कण, संथ, चांदण्या हिंडाव्यात तसे. मागे टाकीचे दोन खांब, त्यांच्यावर शेवाळाची मखमल. तळाला गाळाची जाड दुलई.

"बराच गाळ आहे," प्लंबर म्हणाला.

"जुनं चित्र असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"कालचं आहे, सर."

वाणी जांभई देणार एवढ्यात डाव्या खांबामागचा अंधार जरासा हलला. मग त्या अंधाराला डोळा फुटला. मग डोळ्यामागून अंग आलं, आणि येतच राहिलं. मनगटाएवढं जाड, पाठीवर काळं, पोटाशी जुन्या सोन्याच्या रंगाचं, वळणावळणाने उलगडत जाणारं. कुठेही घाई नाही. गाळाला धक्का न लावता ते पिशवीभोवती एक फेरी फिरलं, मग दुसरी, आधीपेक्षा जवळून.

"साप," डॉक्टर पुटपुटले.

"वाम," शार्कवाले म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "वाम मासा आहे ती. पाण्याच्या वाटेने बोटभर असताना आली असेल."

त्यांनी आजवर असंख्य मासे पडद्यावर पाहिले होते. पण ही ज्या तऱ्हेने आली, ती तऱ्हा त्यांच्या ओळखीची होती. आधी लांबून फेरी, मग जवळून, मग खालून वर, आणि आमिषाला तोंड लावायच्या आधी थांबून त्या काचेच्या डोळ्यात पाहणं. खोल समुद्रातला धनी, शार्क, असाच येतो. आपल्या भांडी घासायच्या पाण्यात, आपल्या भांडणांच्या आणि सायकलींच्या खाली, ही इतका काळ राज्य करत होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

तिने पिशवी नाकाने हळूच हलवली. एक तुकडा घेतला. गिळताना तिचं सगळं अंग लहरलं आणि दिव्याचा हिरवा उजेड तिच्या पाठीवरून निथळून गेला.

मावशींचा हात गळ्याशी गेला होता. बऱ्याच वेळाने त्या स्वतःशीच गुणगुणल्या :

"खोल पाण्याच्या घरात, कोण वळणाची नार,
दार नाही, खिडकी नाही, तरी चालतो संसार."

"वा," डॉक्टर म्हणाले. सकाळपासून त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द होता.

मग प्लंबरने तो प्रश्न विचारला. "साहेब, एवढी व्हायला किती वर्षं लागली असतील?"

सगळे शार्कवाल्यांकडे वळले. सेक्रेटरी वळले नाहीत, ते टीव्हीच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होते. दर वर्षी टाकी घासूनपुसून लख्ख केल्याचं तेच सभेत सांगत आणि सभा टाळ्या वाजवत असे. दिवसभर ती खुर्ची झाकणावर का होती, हे शार्कवाल्यांना आता कळलं. आपल्यासारखाच एक माणूस त्याच झाकणाखाली आपली चूक दडवून बसला होता.

"ते तिलाच विचारावं लागेल," शार्कवाले म्हणाले.

सेक्रेटरींनी हळूच वर पाहिलं. मग ते उठले, कॅमेऱ्याची चौकट स्वतः उचलून शार्कवाल्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "सकाळी लवकर निघायचं ना तुम्हाला? मी गाडी सांगून ठेवतो."

"थांबा," वाणी म्हणाला. "कॅमेरा नेला तर ही कशी दिसणार?"

"कार्ड ठेवून जातो ना. समुद्रासाठी दुसरं आहे."

"ते कालचं झालं. उद्या ती काय करते ते?"

त्यावर मोठा वाद झाला. कॅमेरा टाकीतच राहावा असं आता बहुतेकांचं मत पडत होतं. वासाचं काय, असं शार्कवाल्यांच्या बायकोने विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "वासाचं मेलं काय एवढं? पाहुणीला वाढायचं तर घरात वास येणारच." डॉक्टरांचीही हरकत उरली नव्हती, मात्र आमिष रविवारीच सोडावं, दवाखाना बंद असतो. शेवटी तडजोड झाली. शार्कवाल्यांनी कॅमेरा समुद्रात न्यावा, पण संध्याकाळी परत आणावा, आणि समुद्राचं जे काही असेल तेही सगळ्यांना दाखवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेकडच्या प्रवाळावर चौकट उतरली. दोर हातातून सरकत राहिला, पाणी निळ्याचं जांभळं झालं आणि बोट डोलत उभी राहिली. बोटीवर शार्कवाल्यांनी प्रमुख बाईंना टाकीची हकीकत सांगितली. बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "मी येते बघायला. आजचं चित्रणही तिथेच बघू, आता केंद्रात जायला वेळ कशाला घालवायचा?"

संध्याकाळी पुन्हा तोच दिवाणखाना. बाईंना सेक्रेटरींची वेताची खुर्ची मिळाली. चित्र सुरू झालं तशी खोली निळी झाली. भिंती, कपाट, माणसांचे चेहरे, सगळं निळं. प्रवाळाच्या फांद्यांवरून फुलपाखरू मासे उतरले. पोपटमासे दगड कुरतडत होते. एक थोराड हेकरू मासा येऊन पिशवीला ढुशा देऊन गेला. वेळ सरत होता. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. शार्कवाले उभेच होते, त्यांना बसवेना.

मग सगळे मासे एकाएकी बाजूला झाले. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही, नुसती वाट मोकळी झाली. त्या वाटेने, निळ्यातून निळाच होऊन, तो आला. आधी पाठीवरच्या पंखाची रेघ, मग चपटं नाक, मग ते संबंध अंग. पाण्याने स्वतःच धरलेला आकार. त्याने शेपटी एकदाच वळवली आणि सगळा पडदा त्याच्याबरोबर वळला. मागून आणखी एक आला, त्याच्याहून लहान.

"दोन," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. प्रवाळ वाचला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शार्कवाल्यांच्या इमारतीने त्यांचा शार्क पाहिला होता. त्यांनी मोठ्या आशेने मागे वळून पाहिलं.

मावशींनी मान डोलावली. "छान आहे हो. रुबाबदार आहे."

"चाल झोकदार आहे," डॉक्टर म्हणाले.

"पण आपलीची सर नाही," मावशी म्हणाल्या, आणि सगळ्या खोलीने हुंकार भरला.

"ह्याला काय, एवढा मोठा समुद्र आहे," सेक्रेटरी म्हणाले. टाकीबद्दल आज ते पहिल्यांदाच अभिमानाने बोलत होते. "आपली बघा, एवढ्याशा जागेत काय थाटाने राहते. लावा आता ती."

शार्कवाल्यांनी हात पुढे केला आणि तसाच थांबवला. पडद्यावर तो धनी पाठ फिरवून निघाला होता. त्याची शेपटी निळ्यात विरून जाईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी कार्ड बदललं. खोली हिरवी झाली, खांबांवरची शेवाळाची मखमल दिसू लागली, आणि अंधार हलायच्या आधीच सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. सगळ्यांत आधी बाईंची ओढली गेली.